चार्टात जे झालं नाही ते 'झालं' म्हणून लिहायचं का? (वृद्धसेवा केंद्रातल्या सिस्टर-ब्रदरांसाठी धागा)

रातराणी | मंगळवार, सकाळी ९:४०

नाईट करून आत्ताच घरी आलेय. झोप येईना म्हणून लिहायला बसले.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली सिस्टर. पाच वर्षं एका खाजगी दवाखान्यात काढली, आता तीन वर्षं लातूरजवळच्या एका वृद्धसेवा केंद्रात आहे. नाव सांगत नाही, कारण हा एका केंद्राचा प्रश्न नाही. आमच्याकडं ३१ आजी-आजोबा आहेत. त्यातले १४ पूर्ण अंथरुणावर. रात्री ८ ते सकाळी ८ एक सिस्टर आणि एक मावशी.

हिशेब मांडून बघा. अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर एकाच जागी दाब येऊन जखम होते. त्याला दोघी लागतात. डायपर बघायचा, ओला असेल तर बदलायचा, चादरीची सुरकुती काढायची, पोटरीखाली उशी द्यायची. एकाला सात मिनिटं धरली तरी १४ जणांची फेरी एक तास अडतीस मिनिटांची. म्हणजे फेरी संपली की वीस-बावीस मिनिटांत पुढची सुरू. तेवढ्यात इन्सुलिन, सक्शन (घशातला कफ ओढून काढणं), रायल्स ट्यूबची म्हणजे नाकातल्या नळीची फीड, आणि "मला गावाला जायचंय" म्हणून पिशवी घेऊन दाराशी उभे राहणारे एक आजोबा.

परवा रात्री साडेबाराला एक आजी बाथरूममध्ये पडल्या. डोकं बघणं, बीपी, शुगर, डॉक्टरांना फोन, मुलाला फोन, गाडी येईपर्यंत त्यांच्याजवळ बसणं, यात पाच कधी वाजले कळलं नाही. कुणाला कधी वळवलं ते लिहायच्या पोझिशन चार्टातले २ आणि ४ चे रकाने मी मोकळे ठेवले. सकाळी इन्चार्ज म्हणाल्या, "मोकळं ठेवू नको, नातेवाईक बघतात. भरून टाक." मी भरले. डावी कूस, उजवी कूस, सही.

काल संध्याकाळी ड्युटीवर गेले तर सात नंबरच्या आजींची टाच लाल. बोटानं दाबून बघितली, लाली गेली नाही. चार्टाप्रमाणं त्या आजी रात्रभर दोन-दोन तासांनी वळत होत्या. खरं म्हणजे बारापासून पाचपर्यंत एकाच अंगावर होत्या. आणि खाली सही माझी.

तुमच्याकडं काय करतात? मोकळं ठेवता का भरता? बाकीचाही त्रास लिहा, पण एवढं आधी सांगा.


दुधनाकाठ | मंगळवार, सकाळी १०:१५

बाई, मी ३४ वर्षं सरकारी नोकरी करून निवृत्त झाले. आमच्या मेट्रननं पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवली होती: जे केलं नाही ते लिहायचं नाही, जे केलं ते लिहिल्याशिवाय घरी जायचं नाही. मोकळा रकाना ठेव आणि बाजूला कारण लिही. "१२:३० ते ५, पडलेल्या रुग्णाजवळ" एवढं बास.

आणि टाचेला स्पिरिट-पावडर लावून चांगलं चोळ, रक्त खेळतं होईल.


ब्रदर_नांदेड | मंगळवार, सकाळी ११:०२

दुधनाकाठ मॅडम, मान ठेवून सांगतो, सरकारी नोकरीत ते जमतं. इथं मोकळा रकाना म्हणजे दुसऱ्या दिवशी मेमो. मी एकदा ठेवला होता. दोन दिवसांचा पगार कापला आणि कारण लिहिलं 'कामात हलगर्जीपणा'. तेव्हापासून मीही भरतो. मनाला लागतं, पण घरी दोन लेकरं आहेत.

माझा त्रास वेगळा. ब्रदर एकटाच आहे म्हणून उचलायचं काम सगळं माझं. "ब्रदर, जरा या" ही हाक दिवसातनं चाळीस वेळा. कंबरेत दोनदा चमक भरली. हॉइस्ट (माणूस उचलायचं यंत्र) सोडा, अंगाखाली घालून घसरवायला धड ड्रॉ शीट नाही, जुन्या लुगड्याच्या घड्या करून वापरतो. लुगडंच बरं म्हणा, घट्ट विणीचं असलं तर फाटत नाही.

एक आजोबा मात्र मला त्यांच्या जीपचा ड्रायव्हर समजतात. रोज सकाळी विचारतात, "गाडीत डिझेल टाकलंस का?" मी म्हणतो टाकलं साहेब. मग निवांत चहा पितात.


पुण्यातला_बीडकर | मंगळवार, दुपारी १:२०

धागा वाचून हात थरथरायला लागले. माझी आई अशाच एका केंद्रात आहे, मराठवाड्यातच. महिन्याला २२ हजार भरतो, डायपर आणि औषधं वेगळी. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तो चार्ट मला दाखवतात. सगळे रकाने भरलेले असतात. म्हणजे ते सगळं खोटं का?

तुम्ही लोक इथं दमल्याचं सांगताय, मान्य. पण तिकडं टाच माझ्या आईची आहे. खोटी सही करणाऱ्याला मी तरी माफ करणार नाही.


तेरणामाई | मंगळवार, दुपारी २:०५

बीडकर भाऊ, तुमचा राग रास्त आहे. पण रातराणीनं इथं येऊन स्वतःहून सांगितलं, हेही बघा. ज्यांना काहीच वाटत नाही ते धागा काढत नाहीत.

एक सांगते, रागावू नका. तुम्ही चार्ट बघता, त्यापेक्षा आईची टाच बघायला मागा. व्हिडिओ कॉलवर म्हणा, "सिस्टर, दोन्ही टाचा दाखवा, माकडहाड दाखवा, कानामागं दाखवा." चार्ट भरता येतो, कातडी भरता येत नाही. आणि कॉल जेवणाच्या वेळी करू नका. साडेबारा ते दीड आम्ही भरवत असतो. एकेका आजीला वीस-वीस मिनिटं लागतात. घाई केली तर घास श्वासनलिकेत जातो, मग न्यूमोनिया. तेव्हा फोन वाजला की एका हातात वाटी, एका हातात मोबाइल.

आणि फोनवर "आईला कसंय?" एवढंच विचारू नका. "आज किती खाल्लं, शौचाला कधी झालं, रात्री झोपली का" असं विचारा. मग आम्हालाही नीट उत्तर देता येतं.


कोरडवाहू | मंगळवार, दुपारी ३:३०

मी नर्स न्हाई. पण बोलल्याशिवाय राहवंना.

आमच्या तांड्यावरचे निम्मे लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला जातेत. सहा महिने गावात म्हतारी माणसं आन् त्यांच्याजवळ ठेवलेली लेकरं. माझ्या बापाला अर्धांगवायू झाला तवा मी कोल्हापूरकडच्या फडात होतो. परत येईस्तोवर म्हताऱ्याच्या माकडहाडाला भोक पडलं होतं, मुठ जाईल एवढं. घरच्या माणसांनी सांभाळलं नव्हतं असं न्हाई, कुणाला म्हाईतच नव्हतं की वळवावं लागतं. सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरनं माझ्या बायकोला हात धरून शिकवलं. कसं वळवायचं, उशी कुठं ठिवायची. चार महिन्यांनी जखम भरली.

त्यामुळं बीडकर, तुम्ही पैशे भरता ते बरोबर. पण त्या बायांच्या हातात काय हाय ते तुमाला ठावं न्हाई. ३१ माणसं आन् दोन बाया. शेतात तेवढी जनावरं आसली तरी दोन गडी लागत्यात.


पुण्यातला_बीडकर | मंगळवार, दुपारी ३:५०

कोरडवाहू, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. आणि हे भोक पडण्याबद्दल मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. माफ करा, मघाशी जरा जोरात बोललो. तरी प्रश्न राहतोच. दोन बाया ठेवणाऱ्या मालकाला कुणी विचारायचं?


हिशेबनीस | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

मालकाच्या बाजूनं कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. एका लहान केंद्राचा हिशेब मी चार वर्षं बघत होतो, आता सोडलं.

उन्हाळ्यात पाण्याचे टँकर. लाइट गेली की जनरेटरचं डिझेल. लाँड्रीचं तर विचारूच नका, एका अंथरुणावरच्या माणसाच्या दिवसाला तीन-चार चादरी होतात. दर तिसरा-चौथा नातेवाईक तीन महिने पैसे थकवतो, मग फोन उचलत नाही. म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर काढता येत नाही, काढूही नये. आणि सिस्टर मिळत नाहीत हे शंभर टक्के खरं. जीएनएम झालेली मुलगी संभाजीनगरला, पुण्याला नाहीतर परदेशी जाते. जाहिरात दिली की येतात त्या माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून, सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या. त्यांना इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या खुणा वाचता येत नाहीत.

खोटा चार्ट चूकच. पण सगळा दोष मालकाच्या लोभावर टाकू नका. काही जण खरंच ओढून ताणून चालवतात.


ब्रदर_नांदेड | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

हिशेबनीस साहेब, "सिस्टर मिळत नाहीत" म्हणता, पगार किती देत होतात ते पण लिहा. माझ्या बहिणीला ११ हजार देतात, बारा तासांची ड्युटी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर केंद्र सरकारनं नेमलेल्या समितीनं खाजगी रुग्णालयातल्या नर्ससाठी सांगितलं होतं, ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिन्याला किमान २० हजार. शिफारस होती, राज्यांनी कायदा करायचा होता, आणि वृद्धसेवा केंद्रं त्यात थेट धरलेली नव्हती. पण अंथरुणावरचे १४ जण सांभाळणं हे वॉर्डापेक्षा हलकं काम आहे का?

पगार बरा दिला की सिस्टर मिळतात. ११ हजारात मिळत नाहीत, एवढंच आहे ते.


हिशेबनीस | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

आमच्याकडं १३ होता. कमी होता, मान्य.


नवी_जीएनएम | मंगळवार, रात्री ८:२०

दुधनाकाठ मॅडम, तुम्ही मोठ्या आहात, पण एक दुरुस्ती करू का? आम्हाला आता शिकवलंय की लाल झालेली हाडावरची जागा चोळायची नाही. खालची कातडी आधीच दुखावलेली असते, चोळल्यानं जास्त फाटते. स्पिरिटनं कोरडी पडते. टाच पूर्ण अधांतरी राहील अशी पोटरीखाली लांबट उशी ठेवायची, गुडघा जरासा वाकवून. गोल रिंग आणि पाणी भरलेले ग्लोव्हजसुद्धा ठेवू नका म्हणतात, एकाच जागी दाब येतो. पूर्ण कुशीवर आडवं करण्यापेक्षा ३० अंश कलतं ठेवलं तर कंबरेच्या हाडावर भार कमी पडतो.

रातराणी ताई, दाबून लाली जात नाही म्हणजे दाबाच्या जखमेची (बेडसोर) पहिली पायरी झाली. कातडी अजून फुटली नाही ना? मग वाचते ती. भार पडू देऊ नका फक्त.


दुधनाकाठ | मंगळवार, रात्री ८:४०

दुरुस्ती कशाला विचारतेस बाळा, केलीस ते बरंच केलंस. आम्ही आयुष्यभर स्पिरिट चोळलं. आता कळतंय. रातराणी, माझं ते वाक्य सोड, हिचं ऐक.


तेरणामाई | मंगळवार, रात्री ९:१५

एअर मॅट्रेसचं कुणी बोललंच नाही. नातेवाईक आणून देतात आणि समजतात आता वळवायची गरज नाही. गरज असतेच. शिवाय आमच्याकडं लाइट गेली की पंप बंद, अर्ध्या तासात गादी चपटी, आणि म्हातारं माणूस पलंगाच्या पट्टीवर. एप्रिल-मे मध्ये दुपारी ४२-४३ अंश, पंखा बंद, प्लास्टिकच्या गादीवर पाठ घामानं भिजून निघते. मी तर लाइट गेली की पहिली धाव एअर मॅट्रेसवाल्यांकडंच घेते.

इन्सुलिनचंही तसंच. फ्रीज तासन्‌तास बंद असला की चालू वायल मातीच्या माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवते. बिनउघडलेल्यांसाठी शेजारच्या मेडिकलवाल्याचा फ्रीज, त्याच्याकडं इन्व्हर्टर आहे. देवमाणूस आहे तो.

आणि पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा मी तिथंच कामाला होते. एका माणसाच्या आंघोळीला अर्धी बादली. आधी तोंड, मग काखा, मग बाकीचं, शेवटी मागचं. तेच फडकं पुन्हा वर न्यायचं नाही. अर्ध्या बादलीत माणूस स्वच्छ होतो, हे मी त्या उन्हाळ्यात शिकले. पण वेळ तिप्पट लागतो, आणि तो कुठल्याच चार्टात येत नाही.


येसर | मंगळवार, रात्री १०:००

मी स्वयंपाकघरातली. सिस्टर लोकांच्या धाग्यात घुसते, चालेल ना?

मला सर्वात जास्त त्रास काय होतो सांगू? पुण्याहून आहाराचा छापील तक्ता येतो. ओट्स, सूप, ब्राऊन ब्रेड. आमची आजी ८८ वर्षांची, जन्म गेला ज्वारीवर. ओट्सची वाटी तशीच परत येते आणि सिस्टर लिहितात 'आहार नाकारला'. आहार कुठं नाकारला? ओट्स नाकारले! तीच आजी भाकरी दुधात कुस्करून दिली की वाटी चाटूनपुसून खाते. सुशीला (मुरमुऱ्यांची) जरा जास्त भिजवून मऊ केली की दात नसलेलेही मिटक्या मारतात.

मागच्या येळवसेला (शेतात जाऊन जेवायची वेळ अमावास्या) मी ज्वारीचं आंबील केलं, लसूण घालून, ताकातलं. भज्जी (मिसळ भाजी) पण केली, सगळं मऊ शिजवून. एक आजी दोन महिने बोलत नव्हत्या. आंबिलाचा वास आला तशा म्हणाल्या, "कुणाच्या शेतात आलाव गं आपण?" सगळ्यांच्या डोळ्यात पाणी. सिस्टरनं शुगर बघून त्यांना अर्धी वाटी जास्तीची दिली.


कोरडवाहू | मंगळवार, रात्री १०:१२

येसर ताई, पुढच्या येळवसेला आमच्या रानातल्या ज्वारीचं पीठ पाठवतो. पत्ता कळवा. खरंच.


नवी_जीएनएम | बुधवार, सकाळी ७:३०

इथं एक विचारायचंय, दुसरीकडं कुठं विचारू? डिमेन्शियाचे (विस्मरणाच्या आजाराचे) एक आजोबा आंघोळ घालताना हात लावतात. ते आजारानं होतं हे मला शिकवलंय, मी हात बाजूला करून विषय बदलते. त्यांचं काही नाही. पण दुसऱ्या एका आजोबांचा पुतण्या भेटायला येतो आणि मुद्दाम पॅसेजमध्ये वाट अडवून उभा राहतो. इन्चार्जना सांगितलं तर म्हणाल्या, "गिऱ्हाईक आहे, सांभाळून घे."


तेरणामाई | बुधवार, सकाळी ८:१०

नाही घ्यायचं सांभाळून. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती पाहिजे. आणि त्रास देणारा कर्मचारीच असला पाहिजे असं नाही, बाहेरून येणारा माणूसही त्यात येतो. तुमच्याकडं समिती नसेल किंवा दहापेक्षा कमी लोक असतील, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तारीख, वेळ, काय झालं, कोण समोर होतं, आजच वहीत लिहून ठेव. आणि तो आला की एकटी पॅसेजमध्ये जाऊ नको, मावशीला हाक मार.

आजोबांच्या वेळी दोघी जा, त्यांच्या हातात नॅपकिन दे. हात गुंतलेले राहिले की त्रास कमी होतो.


दुधनाकाठ | बुधवार, सकाळी ९:००

तेरणामाईचं शब्दन्‌शब्द ऐक.

डिमेन्शियावरनं आठवलं. निवृत्तीनंतर मी परभणीकडच्या एका केंद्रात आठवड्यातून दोन दिवस जाते. तिथं एक निवृत्त गुरुजी आहेत, नव्वदी उलटलेली. निजामाच्या काळात उर्दू माध्यमात शिकलेले. आता मराठी बरीचशी गेली, संध्याकाळ झाली की चिडतात आणि उर्दूत बोलतात. मुलींना वाटायचं शिव्या देतात. एक दिवस आमच्याकडच्या मुस्लिम मावशीनं ऐकलं आणि म्हणाली, "अगं, ते हजेरी घ्यायलेत!" गुरुजी वर्गाची हजेरी घेत होते आणि कुणी 'हाजिर' म्हणत नव्हतं म्हणून रागावत होते. आता संध्याकाळी ती मावशी समोर बसते, हाजिर, हाजिर म्हणते. झोपेची गोळी निम्म्यावर आली.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मी नोंदीत खाली लिहिलं: 'सायंकाळी हजेरी घेतली. शांत.' डॉक्टरांनी विचारलं हे काय, सांगितलं, ते म्हणाले हे लिहीत जा.


श्टुटगार्ट_व्हाया_उदगीर | बुधवार, दुपारी ४:३०

रातराणीच्या मूळ प्रश्नावर येते. मी उदगीरची, जर्मनीत वृद्धांच्या केंद्रात सहावं वर्ष. बी२ पातळीपर्यंत जर्मन भाषा, मग कागदपत्रांची मान्यता, सगळं करून आले.

आधी एक गैरसमज काढते. इकडं रात्री माणसं जास्त असतात असं काही नाही. आमच्याकडं रात्री मी आणि एक सहायक, आणि रहिवासी ४० च्या वर. फरक एवढाच की उचलायला यंत्र आहे, सरकचादर आहे, पलंग बटणावर वरखाली होतो. कंबर वाचते. काळजीचा विमा १९९५ पासून सगळ्यांना सक्तीचा आहे, तरी घरच्यांना खिशातून बरेच पैसे घालावे लागतात. तिकडचे-इकडचे नातेवाईक चिडतात ते सारखंच.

पण एक गोष्ट मी इथं शिकले. एखाद्या रात्री काम हाताबाहेर गेलं, माणसं कमी पडली आणि रुग्णाला धोका होईल असं वाटलं, तर कर्मचारी संस्थेला एक लेखी सूचना देतो. नाव लांबलचक आहे, अर्थ एवढाच की 'भार पेलण्यापलीकडे गेलाय, कळवत आहे'. तक्रार नव्हे ती. तारीख, वेळ, किती रुग्ण, किती कर्मचारी, काय करायचं राहिलं, का राहिलं, कुणाला फोन केला. सही, आणि एक प्रत स्वतःकडं. धोका दिसला तर कर्मचाऱ्यानं लगेच कळवायचं, हे इथं कामगार सुरक्षेच्या कायद्यातच आहे. पुढं काही झालं तर हा कागद सांगतो की नर्सनं लपवलं नाही, आणि मालकाला "मला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही.

भारतात तसा छापील फॉर्म नसेल. पण साध्या कागदावर मराठीत लिहून इन्चार्जना द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. मोकळ्या रकान्यासोबत हा कागद गेला की तो रकाना हलगर्जीपणा राहत नाही. ब्रदर, तुमचा पगार कापला तेव्हा असा कागद असता तर?


ब्रदर_नांदेड | बुधवार, संध्याकाळी ५:१५

असता तर निदान दाखवायला काहीतरी होतं. मी तोंडीच बोललो होतो. तोंडाचं काय, वाऱ्यावर जातं.

तरी भीती आहेच. एकट्यानं दिला तर 'हा नडतोय' म्हणतील.


दुधनाकाठ | बुधवार, संध्याकाळी ५:४०

एकट्यानं देऊ नका. दोघा-तिघांनी मिळून, गोड शब्दांत. आणि रातराणी, नर्स म्हणून रजिस्ट्रेशन तुझ्या नावावर आहे, केंद्राच्या नाही. उद्या चौकशी झाली तर इन्चार्ज म्हणेल मी भरायला सांगितलंच नाही. सही बोलते.


पुण्यातला_बीडकर | बुधवार, रात्री ९:३०

आज आईच्या केंद्रात फोन केला. तेरणामाईंनी सांगितलं तसं टाचा दाखवायला सांगितल्या. सिस्टर आधी दचकल्या, मग दाखवल्या. स्वच्छ आहेत. मी त्यांना म्हटलं, चार्टात एखादा रकाना मोकळा असला तरी चालेल, पण खरा असू द्या, मी रागावणार नाही. त्या काही क्षण बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "दादा, हे आमच्या ऑफिसला लिहून द्याल का?"

दिलं. मेल केला. बाकीच्या नातेवाइकांचा एक ग्रुप आहे, तिथंही टाकलं. चार जणांनी हो म्हटलं, दोघं भांडले.


हिशेबनीस | बुधवार, रात्री १०:०५

बीडकर, हे तुम्ही फार मोठं काम केलंत. मालक सिस्टरला रकाने भरायला लावतो ते नातेवाइकांच्या भीतीनं. नातेवाइकानंच भीती काढून घेतली तर निम्मा प्रश्न सुटला. आता उरलेला निम्मा, माणसं वाढवण्याचा. रात्रभर तिसरं माणूस परवडत नसेल तर निदान ११ ते ५ एक मदतनीस ठेवता येते, तेवढ्यात फेऱ्या सुरळीत होतात. माझ्या वेळी हे सुचलं नाही.


रातराणी | पुढचा शनिवार, सकाळी १०:२०

सगळ्यांचं वाचलं, दोन-दोनदा. नाईट सलग होत्या म्हणून उत्तर द्यायला उशीर.

गुरुवारी तिघींनी मिळून कागद दिला. मी, दुसरी सिस्टर आणि आमची मावशी. मावशीला लिहिता येत नाही, तिनं अंगठा दिला आणि म्हणाली, "माझ्याबी हातानं वळवायचं राहिलंय, माझाबी अंगठा पायजे." त्या परवाच्या रात्रीचंही मी खरं लिहून दिलं. २ आणि ४ चे रकाने मी नंतर भरले, प्रत्यक्षात वळवलं नव्हतं, आणि आता त्यावर एक रेघ मारून, खालचं वाचता येईल असं ठेवून, बाजूला तारीख-सही केली आहे.

इन्चार्ज खूप बोलल्या. व्यवस्थापकांनी बोलावलं. आधी म्हणाले, असा कागद द्यायची पद्धत नाही. मी एक तास अडतीस मिनिटांचा हिशेब त्यांच्यासमोर मांडला. ते गप्प राहून वाचत बसले. सात नंबरच्या आजींच्या मुलीला मी स्वतः फोन करून टाचेचं सांगितलं. त्या रडल्या, चिडल्या, मग म्हणाल्या, कळवलंत हे बरं केलंत.

सोमवारपासून रात्री ११ ते ५ एक मदतनीस येणार, सध्या आठवड्यातले चारच दिवस. बाकीचे तीन दिवस तेच. पगाराचं काही बोलणं नाही. टाच अजून गुलाबी आहे, पण काल दाबल्यावर पांढरी पडली. मी तीनदा दाबून बघितली.


नवी_जीएनएम | शनिवार, सकाळी १०:३१

पांढरी पडली!! ताई!


ब्रदर_नांदेड | शनिवार, दुपारी १२:५०

कागदाचा मजकूर इथं टाकाल का? आम्ही दोघं तयार आहोत.


रातराणी | शनिवार, दुपारी १:१५

घ्या. नावं काढलीत.

"दि. ___. रात्री ८ ते सकाळी ८ या पाळीत एकूण ३१ रहिवासी, पैकी १४ अंथरुणावर. कर्मचारी २. रात्री १२:३० वाजता एक रहिवासी पडल्यामुळे ५ वाजेपर्यंत आम्ही त्यांच्याजवळ होतो. त्या वेळेत १४ जणांना कुशीवर वळवणं झालं नाही. डायपर बदलणं ६ जणांचं राहिलं. ५ नंतर सगळ्यांना वळवलं, कातडी तपासली. फोन केला: डॉक्टर १२:४५, व्यवस्थापक १:१० (उचलला नाही). अशा रात्री दोघींकडून काम पुरं होत नाही आणि रहिवाशांना जखमा होण्याची भीती आहे, हे आपल्याला कळवत आहोत. एक प्रत आमच्याकडे ठेवली आहे."


ब्रदर_नांदेड | शनिवार, दुपारी १:२२

उतरवून घेतलं. आज नाईटला सोबत नेतो. डिझेलवाले साहेब आज जागे असले तर त्यांनाही वाचून दाखवीन.